डब्याचा विसावा

कुंडलिकतात्या गेल्या पावसाळ्यात वारले, म्हणून आता हे बोलता येतंय. ते होते तोवर माझ्या तोंडाला कुलूप होतं. घोडेगावात आणि डिंभे धरणाच्या वरच्या गावांत नूतन नावाच्या एका नर्सला लोक आजही खोटारडी म्हणतात. ती खोटारडी नव्हती. हे माझ्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नाही, आणि तिला खोटं पाडलं तेही मीच.

मी भरत. नारायणगावला एसटी स्टँडच्या मागं माझं दुकान आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शाळा, दवाखाने, टोमॅटोचे व्यापारी, ज्यांच्या ज्यांच्याकडं चार कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेत, त्यांची जोडणी मी सांभाळतो. इंटरनेट चालू असलं की भरत कोण हे कोणाला आठवत नाही आणि बंद पडलं की जेवणाच्या ताटावरून उठवतात. माझा स्वभाव तिरसट झालाय तो असाच. बायको म्हणते आधीपासूनच होता.

घोडेगावात एका ट्रस्टचा लहानसा दवाखाना आहे. त्याचीच एक शाखा धरणाच्या पलीकडं, डोंगरातल्या एका गावात. सगळे तिला वरचा दवाखाना म्हणतात. दोन खोल्या, एक खाट, औषधांचं कपाट, सौर पॅनेलवर चालणारा एक कॉम्प्युटर आणि नूतन. डॉक्टरमॅडम आठवड्यातून एकदा वर जायच्या. बाकी दिवस नूतनच सगळं बघायची. ती त्याच डोंगरातली. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्याकडं वाढलेली.

मॅडमना हवं होतं की घोडेगावच्या पेशंटांच्या फाईली नूतनला वर बसून उघडता याव्यात. कोणाला पूर्वी काय झालं, कोणाला कोणतं औषध चालत नाही, हे तिला तिथंच कळावं. मागणी रास्त होती. मी रेकॉर्डरूमच्या कपाटात एक फायरवॉल बसवली. फायरवॉल म्हणजे राखणदार. आतल्या कॉम्प्युटरांची आणि बाहेरच्या जगाची सगळी ये-जा तिच्यातून होते, आणि कोणाला आत घ्यायचं ते ती ठरवते. वरच्या दवाखान्याला इंटरनेट जायचं तेही तिच्यातूनच, टेकडीवरच्या डिशवरून. म्हणजे वरून फाईल बघायची असो नाहीतर वरून फोन लावायचा असो, वाट एकच.

फाईली ठेवायला मात्र वेगळा कॉम्प्युटर हवा होता. मी तसं मॅडमना सांगितलं. राखणदाराच्याच खोलीत घरातला ऐवज ठेवायचा नसतो, असं अगदी मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमचा हा डबा रात्रंदिवस चालूच असतो ना? मग त्यातच ठेवा." त्या डब्यात जागा होती, हेही खरं. मग मी त्यातच एक फोल्डर केलं, वरच्या कॉम्प्युटरला त्याची परवानगी दिली, आणि ते काम उत्तम चाललं. नूतन वर बसून नाव टाइप करायची आणि खाली कपाटातली फाईल तिच्यासमोर उघडायची. पहिल्यांदा उघडली तेव्हा ती माझ्याकडं बघून इतकं हसली होती की मी तिरसटपणा विसरून चहा घेतला.

कुंडलिकतात्या त्या दवाखान्याचे सगळ्यात जुने शिपाई. मॅडम यायच्या आधीपासूनचे. पांढरी टोपी, पायजमा, आणि कानाच्या पाळीला चंदनाचं बोट. नूतनला नर्सिंगच्या कोर्सला घालायचं म्हणून चुलत्याशी भांडले ते हेच. ती शिकून परत आली तेव्हा पेढे वाटले तेही ह्यांनीच. तिचे कोणी लागत नव्हते, पण ती त्यांना तात्या म्हणायची आणि ते वर जाणाऱ्या जीपमधून रोज तिला काहीतरी खायला धाडायचे.

तात्यांचा एक नेम होता. खंडेनवमीला दवाखान्यातल्या प्रत्येक हत्याराची पूजा. वजनकाटा, कात्र्या, बीपीचं मशीन, झाडू, अॅम्ब्युलन्स. नवमीला हत्यार धुऊन पुसून देवापुढं ठेवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि दसऱ्याला सोनं वाटून झाल्याशिवाय ते उचलायचं नाही. आपल्याकडं नांगराला, पाभरीला, सुताराच्या रंध्याला हाच नियम. वर्षभर राबतं, त्याला एक दिवस विसावा. तात्या आडमुठे नव्हते. अॅम्ब्युलन्सला हार घालून लगेच मोकळी करायचे, लशींच्या फ्रीजला लांबूनच कुंकू दाखवायचे, कारण त्यावर माणसाचा जीव आहे हे त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं.

कपाटातल्या डब्यावर माणसाचा जीव आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. फाईली मॅडमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये असतात अशी त्यांची समजूत. डबा म्हणजे इंटरनेटचा, ज्याच्यावर पोरं मोबाइलला क्रिकेट बघतात तो. मी तो आदल्या दिवाळीनंतर बसवला होता. म्हणजे त्याची ही पहिलीच खंडेनवमी.

त्या नवमीला घोडेगावचा दवाखाना सकाळीच बंद झाला होता. मॅडम सणाला पुण्याला गेल्या होत्या. वरच्या गावात भातं काढायला आली होती. गेणभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या पायाला विळा लागून आठवडा झाला होता. जखम चिघळली, पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि त्याला सपाटून ताप भरला. त्याची बायको अंबाबाई त्याला धरून धरून वरच्या दवाखान्यात घेऊन आली. दुपारची वेळ. खाली जाणारी जीप सकाळीच बाजाराला गेलेली, ती संध्याकाळशिवाय परत येणार नव्हती.

नूतनने गेणभाऊंचं नाव टाकलं. फाईल उघडेना. वाट सापडत नाही, एवढंच कॉम्प्युटर सांगत राहिला. फोन लावायला गेली, तर तोही त्याच वाटेनं जाणारा. मोबाइलला रेंज हवी तर सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, चढून जावं लागतं, आणि गेणभाऊ तापात बडबडत होते. अंबाबाईला विचारलं, पूर्वी कुठली सुई बाधली होती का? ती इतकी भेदरली होती की तिला काही सांगता येईना. नूतनने आधी थोडंसं औषध कातडीखाली टोचून वाट पाहिली, तसं शिकवलेलं होतं तिला. काही उठलं नाही. मग तिनं सुई दिली.

गेणभाऊ तिच्या हातातच गेले. तिनं जवळ होती नव्हती ती सगळी औषधं दिली, छाती दाबत राहिली. अंबाबाई शेजारी उभी राहून बघत होती.

दसऱ्यानंतर मॅडम परत आल्या आणि त्यांनी फाईल उघडली तर पहिल्याच पानावर लाल अक्षरात त्या सुईचं नाव होतं. काही वर्षांपूर्वी गेणभाऊंना घोडेगावलाच ती बाधली होती, तेव्हा मॅडमनी त्यांना वाचवलं होतं. त्या वेळी आजारी गेणभाऊंना पाठीवर घालून दवाखान्यात आणणारे कुंडलिकतात्या. गेणभाऊ त्यांचा सख्खा साडू. दोघं लहानपणापासूनचे जिवाभावाचे, एकाच मांडवात लग्नं झालेली.

नूतन म्हणत होती, फाईल उघडली नाही. मॅडमच्या टेबलावर तर ती एका क्षणात उघडत होती. वरची माणसं म्हणायला लागली, पोरीनं आळस केला आणि आता मशीनवर ढकलते. मॅडमनी मला बोलावलं. "भरत, ती खरं बोलतेय की नाही, ते मला फक्त तुम्हीच सांगू शकता. दहावा झाला की सगळ्यांसमोर बसायचंय."

मी रेकॉर्डरूममध्ये गेलो आणि कपाट उघडलं. डबा चालू होता, दिवे लुकलुकत होते. पण वर हळदकुंकवाची बोटं उठलेली, आणि हवा जायच्या फटींत झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. मी लॅपटॉप जोडला. नवमीच्या सकाळपासून दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत डब्याला कसलीच खबर नव्हती. त्याच्या लेखी ते दोन दिवस उगवलेच नव्हते. बंद असताना दार कोणी ठोठावलं, हे त्याला कुठून कळणार?

तेवढ्यात तात्या चहा घेऊन आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. साडूच्या दुःखात नीट जेवलेही नव्हते. तरी मला बघून त्यांना बरं वाटलं.

"भरतभाऊ, अवंदा तुमच्या डब्याचीबी पूजा घातली बरं का," ते म्हणाले. "आमचा वजनकाटा तेवढा पुजायचा आन् ह्यो बिचारा येकटा कपाटात. म्हनलं, ह्यो बी राबतोय वरीसभर. बटन बंद करून येक दिवस इसावा दिला त्याला."

मला इतका संताप आला की हातातला कप ठेवताना चहा सांडला. तोंडावर आलं होतं, तात्या, काय करून बसलात. पण तेवढ्यात त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं माझा सांडलेला चहा पुसला, आणि माझ्याच्यानं बोलवेना. मी एवढंच म्हणालो की पूजेचं मॅडमना सांगू नका, त्यांना कॉम्प्युटरच्या मशीनवर कुंकू टाकलेलं चालत नाही. खरं म्हणजे मला विचार करायला वेळ हवा होता. ते लहान पोरासारखे ओशाळले. "न्हाई सांगत. चुकलं का माझं काई?"

"नाही," मी म्हणालो.

मी तसाच मोटारसायकल काढून वर गेलो. डिंभ्याच्या पाण्याच्या कडेकडेनं जाताना सगळ्या वाटेनं मी तात्यांना शिव्या घालत होतो, आणि सोबत आनंदही होता, लबाडी कशाला करू. पोरगी खरी होती. तिला जाऊन सांगायचं होतं की बाई, तू सुटलीस.

नूतन वरच्या दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. दार उघडं, पण पेशंट कोणी नाही. गावातली माणसं यायची बंद झाली होती. मला बघून उठली नाही, नेहमीसारखं पाणीही विचारलं नाही.

"तुझं खरं आहे," मी गाडी लावायच्या आधीच म्हणालो. "फाईल उघडणं शक्यच नव्हतं. डबाच बंद होता त्या दिवशी. मी बघून आलोय."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडली. खूप वेळ रडली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "मला वाटाय लागलं व्हतं, मीच येडी झाले. नाव चुकीचं टाकलं आसंल, दुसरंच कायतरी दाबलं आसंल. रोज बसून त्येच आठवत व्हते." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पन बंद कशानं पडला?"

मी रागातच सगळं सांगितलं. खंडेनवमी, हळदकुंकू, विसावा. माझ्या तोंडाला लगाम नव्हता. अडाणीपणा म्हणालो, आणखी काय काय म्हणालो. बोलता बोलता तिच्याकडं बघितलं तर तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुनाला सांगितलं?" तिनं विचारलं.

"अजून नाही. मॅडमना सांगतो आता जाऊन."

"सांगू नका."

मला आधी नीट कळलंच नाही. ती पुन्हा म्हणाली, "भरतभाऊ, तुमच्या पाया पडते, सांगू नका. तात्या मरंल."

"आणि तुझं काय? लोक काय बोलतायत ऐकलंस ना?"

"ऐकलं. पन गेणमामा तात्याचा कोन व्हता ते तुमाला ठाव न्हाई. दोघांचं आसं व्हतं, की येकानं बैल घेतला तर दुसरा रातभर गोठ्यात जाऊन बघत बसायचा. तात्या दहाव्याच्या तयारीला आला व्हता परवा. मयताच्या जागी बसून नुसता भुई कुरवाळत व्हता. त्याला कळलं, आपल्या हातानं झालं, तर त्यो जगंल व्हय?"

मी म्हणालो, मग त्यांचं नाव घेत नाही. वीज गेली होती असं सांगतो. डबा आपोआप बंद पडला असं सांगतो. तू सुटशील, त्यांनाही कळणार नाही.

तिनं मान हलवली. ती माझ्यापेक्षा पुढचा विचार करून बसली होती, तेवढ्या वेळात. "डबा बंद व्हता येवढं जरी बोललात, तरी तात्या उठून सांगंल, वीज न्हाई गेली, बटन मी दाबलं व्हतं म्हनून. त्यो खोटं बोलनारा मानूस न्हाई. आन् फायली त्या डब्यात आस्त्यात ह्ये त्याला त्याच घडीला कळंल. डब्याचं नावच निघता कामा नये."

"म्हणजे मी काय सांगू? सगळं चालू होतं म्हणून सांगू?"

"हा."

"म्हणजे तू खोटी."

ती मग स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत म्हणाली, "सुई तर माझ्याच हातात व्हती ना. मॅडमचा नेम व्हता, फाईल उघडल्याबिगर ती सुई द्यायची न्हाई. त्यो मी मोडला. मला वाटलं, ताप डोक्यात जाईल, सांजपतूर मानूस टिकायचा न्हाई. पन नेम तर मोडलाच. तेवढं माझं हाय. मी ते सोसंन. तात्याच्यानं न्हाई सोसायचं."

मी तिच्यावर ओरडलो. असल्या त्यागाला काही अर्थ नाही, आयुष्याचं वाटोळं होईल, सगळं बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि आत जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं. मी शब्द दिला नाही. परत येताना ठरवलंच होतं की खरं तेच सांगायचं. माणसानं खऱ्याला एवढं घाबरू नये असं मला तेव्हा वाटत होतं.

बैठक दवाखान्याच्या ओसरीवर झाली. मॅडम, दोन विश्वस्त, वरच्या गावातली पाचसहा माणसं, भिंतीला टेकून अंबाबाई, आणि कोपऱ्यात उभी नूतन. तिला कोणी बस म्हणालं नाही. तात्या सगळ्यांना पाणी देत फिरत होते. अंबाबाईला पाणी देताना तिथंच तिच्या पायाशी बसले आणि मग उठलेच नाहीत.

गावातला एक जण तावातावानं बोलायला लागला, पोलिसांत जाऊ म्हणाला. अंबाबाईनं त्याला हातानं थांबवलं. ती हळू आवाजात बोलली. "मला कुनाला जेलात घालायचं न्हाई. मानूस गेला त्यो गेला. फकस्त येवढं कळू द्या, कशानं गेला. म्या त्याला धरून आनला व्हता. मी नसता आनला तर वाचला असता का, ह्येच डोक्यात येतंया सारखं."

मॅडमनी मला विचारलं, "भरत, तुम्ही तपासलंत. नवमीला दुपारी वरून फाईल उघडत होती की नव्हती?"

मी उभा राहिलो. खरं ओठांवर होतं. अंबाबाईला उत्तराचा हक्क होता, नूतनला होता, मॅडमना होता. मी नूतनकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, तात्यांकडं बघत होती. मग तात्याच बोलले, खालूनच, टोपी हातात घेऊन.

"खरं काय आसंल ते सांगा, भरतभाऊ. पोरगी माझी हाय म्हनून दबू नका. गेणभाऊ माझा साडू व्हता. कुनामुळं झालं ते मला कळलं पायजे."

त्यांच्या तोंडाकडं बघून माझं सगळं ठरवलेलं गळून गेलं. मला एवढंच दिसलं की हा माणूस घरी जाईल, आणि उद्या सकाळी घरातली माणसं त्याला शोधत विहिरीकडं जातील. चूक असेल, पण मला तसंच दिसलं.

"सगळं चालू होतं," मी म्हणालो. "फाईल उघडायला काही अडचण नव्हती."

गावातला तो माणूस जमिनीवर थुंकला. अंबाबाईनं नूतनकडं नुसतं बघितलं, शिवी दिली नाही, रडलीही नाही. मॅडमनी चष्मा काढून डोळे मिटले. त्यांचा नूतनवर फार जीव होता. "नूतन, तुला काही सांगायचंय?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "न्हाई, मॅडम." तिचं काम त्याच बैठकीत सुटलं.

मी रेकॉर्डरूममध्ये तोंड लपवायला गेलो. मागून तात्या आले. दार लोटून घेतलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "पूजेचं बोललो न्हाई बरं का मी. तुमी सांगितल्यावानी." त्यांचे डोळे लाल होते आणि तरी त्यांना मला दिलेला शब्द पाळल्याचं सांगायचं होतं. मी कपाटाकडं तोंड करून उभा राहिलो, काहीतरी वायर ओढल्यासारखं केलं.

त्याच आठवड्यात मी सगळ्या फाईलींची एक प्रत वरच्या कॉम्प्युटरवरच ठेवायची सोय केली आणि फाईली डब्यातून काढून वेगळ्या कॉम्प्युटरवर टाकल्या. रेंज नसताना चालेल असा वेगळा फोन वर बसवला. कपाटाला कुलूप घातलं, किल्ली मॅडमकडं दिली. मॅडम म्हणाल्या, आता कशाला एवढं, चूक तर माणसाची होती. मी कामाचे पैसे घेतले नाहीत. त्यानं मला काही बरं वाटलं नाही.

नूतन पुण्याला निघाली. तिथं कोणा म्हाताऱ्या बाईंना सांभाळायचं काम मिळालं होतं, नर्सचं नव्हे. मी घोडेगावच्या स्टँडवर गेलो. का गेलो ते मलाही नीट सांगता येणार नाही. तिच्याजवळ एक पिशवी आणि एक पत्र्याची पेटी होती. ओळखीच्या बायका लांब उभ्या होत्या. भीमाशंकरहून आलेली गाडी भाविक उतरवत होती, त्या गर्दीतून तात्या येताना दिसले. हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती.

त्यांनी भाकरी तिच्या पेटीवर ठेवली. फडक्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाले, "येकदा फाईल उघडून बघायची व्हतीस, पोरी. तुझं काय जात व्हतं?"

तिनं भाकरीचं फडकं उचलून पिशवीत ठेवलं.

"चूक हुती मानसाकडून. दमली आसशील, घाबरली आसशील. त्येचं मला न्हाई काई. पन तू मशीनवर ढकललंस. तेवढं लई लागलं मला. तुला म्या आशी न्हाई वाढवली." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "जायच्या आधी येकदा खरं बोल माझ्यापाशी. म्हंजी माझ्या जिवाला बरं वाटंल. मी अंबीला सांगंन, पोरगी कबूल झाली. तिच्याबी जिवाला बरं वाटंल."

मी एक पाऊल पुढं टाकलं. नूतननं माझ्याकडं बघितलं, एकदाच, आणि मी थांबलो.

"हा तात्या," ती म्हणाली. "मी फाईल उघडलीच न्हाई."

तात्यांनी मोठा श्वास सोडला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा आता. सुखी ऱ्हा." ती त्यांच्या पाया पडली, पेटी उचलून गाडीत चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसली, जिथून आम्ही दोघं तिला दिसणार नव्हतो.